कचेरी सुटल्यानंतर

सरकारी कचेरीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाच्या तोंडी ‘निवृत्त झालो की’ हे तीन शब्द कधी ना कधी येतातच. निवृत्त झालो की ज्ञानेश्वरी मुळातून वाचीन, निवृत्त झालो की पेटी शिकेन, निवृत्त झालो की गावच्या घराचा माळा उपसून आजोबांचे कागद लावीन. हे शब्द मीही अनेकदा उच्चारले आहेत, आणि ते उच्चारताना मनाला बरे वाटते याचीही कबुली देतो. काम हाती न घेताच ते निम्मे झाल्याचे समाधान देणारे असे शब्द आपल्या भाषेत फार थोडे असतील. अलीकडे मात्र ते उच्चारताना माझी जीभ किंचित अडखळते. त्याला कारण झाला तो एक परदेशी सरकारी नोकर.

त्यांचे नाव रोमेअर बेअर्डन. न्यूयॉर्क शहराच्या समाजकल्याण खात्यात ते नोकरीला होते. गरजू कुटुंबांच्या घरी जाणे, त्यांची चौकशी करणे, किती माणसे, किती मिळकत, कोण आजारी, कोण बेकार याची नोंद करणे आणि मदतीची शिफारस करणे, असे त्यांचे काम. मध्यंतरीची काही वर्षे वगळता तिशीच्या दशकापासून साठीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांनी हे काम केले. शहरातील जिप्सी कुटुंबांची प्रकरणेही त्यांच्याकडे सोपविलेली होती. दिवसा ही कामे आणि संध्याकाळी व सुटीच्या दिवशी चित्रे, असा त्यांचा क्रम. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांची जी चित्रे लोकांपुढे आली, त्यांनी अमेरिकेतील आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या जीवनाला चित्रकलेत एक नवी भाषा मिळवून दिली. तोपर्यंत ते नोकरी सांभाळून चित्रे काढणारे गृहस्थ होते. व्यवसायाने चित्रकार असे त्यांना म्हणता येऊ लागले ते त्यानंतर.

बेअर्डन यांचा जन्म २ सप्टेंबर १९११ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शार्लट या गावी झाला. दक्षिणेतील ते दिवस कृष्णवर्णीयांना फार कठीण होते. आगगाडीत वेगळा डबा, शाळा वेगळी, पाण्याचा नळही वेगळा. असंख्य कुटुंबांप्रमाणे बेअर्डन कुटुंबही उत्तरेकडे निघाले आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम या वस्तीत स्थिरावले. आई बेसी या कर्तबगार बाई. ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या प्रसिद्ध वृत्तपत्राचे न्यूयॉर्कमधील काम त्या पाहत. घरी कवी लँग्स्टन ह्यूज आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्यासारख्यांचा राबता असे. उन्हाळ्यात मात्र हा मुलगा पुन्हा कॅरोलिनात आप्तांकडे जाई, आणि तेथील कापसाची शेते, कोंबडे, आगगाडीच्या शिट्या, रविवारची प्रार्थना आणि नदीतील बाप्तिस्मा त्याच्या डोळ्यांत साठत जाई. आगगाडी तर पुढे त्यांच्या चित्रांत इतक्या वेळा येते, की कुठल्याही खिडकीतून बाहेर पाहिले तरी ती धूर सोडीत चाललेली दिसावी!

काही काळ ते पिट्सबर्ग येथे आजीकडे राहिले. पोलादाच्या कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांसाठी या आजीची खाणावळवजा वसतिगृह-वाडी होती. तेथे त्यांना यूजीन नावाचा एक पांगळा मुलगा भेटला. त्याला चित्रे काढता येत, आणि बेअर्डन त्याच्याकडूनच पहिल्याने चित्र काढायला शिकले. यूजीनची आई ज्या घरात राही, ते कुंटणखाना होते, आणि त्या घरात जे घडे तेच तो काढी. भिंती काढून टाकलेल्या घराप्रमाणे सगळ्या खोल्या त्याच्या कागदावर एकदम उघड्या दिसत. आजीच्या हाती ही चित्रे लागली तेव्हा तिने ती जाळून टाकली असे बेअर्डन सांगत. परंतु तेवढ्यावर न थांबता ती त्या घरी गेली आणि त्या मुलाला आपल्या घरी घेऊन आली. त्यानंतर यूजीनने चित्रे काढली नाहीत असे म्हणतात. वर्षभराने तो वारला. ही गोष्ट १९२७च्या आसपासची. बेअर्डन यांनी आपल्या या पहिल्या गुरूची अंत्ययात्रा चितारली ती १९७८ साली, म्हणजे पन्नास वर्षांनंतर. एखादे चित्र मनात पन्नास वर्षे राहू शकते, ही गोष्ट ज्यांना उशीर झाला असे वाटते त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढचे नीट उमगणार नाही. बेअर्डन वर्णाने इतके उजळ होते, की न सांगता कोणी त्यांना कृष्णवर्णीय म्हणून ओळखले नसते. महाविद्यालयात असताना ते बेसबॉल उत्तम खेळत. चेंडूफेकीत त्यांचे नाव होते. त्या काळी अमेरिकेतील मोठ्या बेसबॉल संघांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यांचे चरित्रकार सांगतात, की एका मोठ्या संघाने त्यांना घेण्याची तयारी दाखविली होती, मात्र अट अशी की त्यांनी गोरा म्हणून वावरावे. बेअर्डन यांनी नकार दिला. आपण कोणाचे वंशज, हा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत जन्मताच सुटलेला असतो. या माणसापुढे तो विसाव्या वर्षाच्या आसपास पैसा आणि कीर्ती यांच्या जोडीने येऊन उभा राहिला आणि त्याने त्याचे उत्तर दिले. त्यानंतर पूर्वजांविषयी बोलण्याचा त्यांचा अधिकार मला अधिक वाटतो.

पूर्वजांचे ऋण कलेने कसे फेडावे, याविषयी त्या काळी हार्लेममध्ये मोठा वाद चालू होता. अ‍ॅलन लॉक नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९२५ साली त्यांनी एक निबंध लिहून कृष्णवर्णीय चित्रकारांना असे आवाहन केले, की युरोपचे पिकासो आणि मातीस आफ्रिकेच्या लाकडी मूर्तींकडून शिकतात, मग ज्यांचा तो वारसा त्यांनीच तिकडे पाठ का फिरवावी? आवाहन उदात्त होते आणि त्याला प्रतिसादही मिळाला. तरुण बेअर्डन यांना मात्र ते पटले नाही. १९३४ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी ‘निग्रो कलावंत आणि आधुनिक कला’ या नावाचा एक खरमरीत लेख लिहिला आणि आपल्या बांधवांच्या चित्रांतील उसनेपणावर टीका केली. ज्या मूर्ती आपण वस्तुसंग्रहालयाच्या काचेतून पाहिल्या, त्यांच्या नकला केल्याने आपण आफ्रिकेचे होत नाही, आपले जीवन काय आहे ते आधी पाहा, असा त्यांच्या तरुणपणीच्या लिखाणाचा रोख आहे.

श्रोतेहो, हाच माणूस तीस वर्षांनी आपल्या चित्रांत आफ्रिकेचे मुखवटे मांडू लागला. त्याने मत बदलले असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्या तीस वर्षांत काय घडले, ते पाहू.

शिक्षणशास्त्राची पदवी १९३५ साली हाती आली. जागतिक मंदीचा तो काळ. नोकरी मिळाली ती समाजकल्याण खात्यात. त्याच सुमारास जर्मनीतून आलेले व्यंगचित्रकार गेओर्ग ग्रोस यांच्या वर्गात ते रेखाटन शिकले. पुढे महायुद्ध आले. १९४२ ते १९४५ ही वर्षे त्यांनी सैन्यात, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या पलटणीत काढली. युद्ध संपल्यावर काही काळ यश मिळाले. एका नामांकित चित्रदालनाने त्यांची चित्रे लावली, त्यांतील एक न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने विकतही घेतले. मग अभिरुचीचा वारा फिरला, केवळ रंगांच्या अमूर्त चित्रांचे दिवस आले आणि त्या दालनाने त्यांना वगळले. १९५० साली माजी सैनिकांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले, तत्त्वज्ञानाची व्याख्याने ऐकली, परत आले आणि चित्रे सोडून चक्क गाणी लिहू लागले! पॅरिसला परत जाण्यापुरते पैसे गाण्यांतून मिळतील असा हिशेब होता. ‘सी ब्रीझ’ नावाचे त्यांचे एक गाणे बिली एक्स्टाइन यांनी गायिले आणि ते लोकप्रियही झाले. परंतु चित्र सोडले ते मनाने सोडलेले नव्हते. १९५६च्या सुमारास त्यांच्या मनाचा तोल गेला आणि त्यांना इस्पितळात राहावे लागले. १९५४ साली त्यांचा विवाह नॅनेट रोहन या तरुणीशी झाला होता. तिने आणि हॅना आरेंट यांच्यासारख्या विचारवंत स्नेह्यांनी त्यांना पुन्हा चित्राकडे वळविले.

या भागावरून मी भरभर पुढे गेलो, कारण अपयशाच्या कथा साऱ्या सारख्याच असतात. पण त्यानंतर त्यांनी जे केले ते सावकाश सांगण्यासारखे आहे. पंचेचाळिशीच्या या गृहस्थाने पुन्हा विद्यार्थी व्हायचे ठरविले. जोत्तो, रेम्ब्राँ, माने अशा गुरुजनांच्या चित्रांच्या मोठ्या छायाप्रती त्याने काढून आणल्या आणि त्या समोर ठेवून एकेक चित्र गिरविले. रचना कोठे टेकली आहे, रिकामी जागा कोठे सोडली आहे, हे हाताने समजून घेतले. एका चिनी सुलेखकाकडे जाऊन तो चिनी चित्रांतील अवकाशाचे मर्म शिकला. हे सारे नोकरी सांभाळून. ज्या वयात आपण कनिष्ठ सहकाऱ्याने मसुद्यातील चूक दाखविली तरी भुवई उंचावतो, त्या वयात कोणापुढे तरी वही घेऊन बसणे किती अवघड, हे मी माझ्यावरून सांगतो.

१९६३चा उन्हाळा आला. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ज्यात अग्रभागी होते तो वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा त्या वर्षी २८ ऑगस्टला निघाला. त्याच्या आदल्या महिन्यात, कॅनाल स्ट्रीटवरील बेअर्डन यांच्या चित्रशाळेत काही कृष्णवर्णीय चित्रकार जमले. त्यांनी आपल्या मंडळाला ‘स्पायरल’ असे नाव दिले. हेल वुडरफ, नॉर्मन लुईस, चार्ल्स ऑल्स्टन असे वडीलधारे त्यात होते आणि एमा एमॉस ही एकच स्त्री, वयानेही सर्वांत लहान. त्यांच्यापुढील प्रश्न साधा दिसणारा पण जिवावरचा होता. आपले लोक रस्त्यावर मार खात आहेत, तुरुंगात जात आहेत, अशा वेळी चित्रकाराने काय करावे? बेअर्डन यांनी सुचविले, की सर्वांनी मिळून एक चित्र करावे. मासिकांतून कापलेल्या चित्रांची एक पिशवीच त्यांनी आणली होती. मंडळींना ही कल्पना फारशी रुचली नाही. कात्रणे ज्यांनी आणली त्यांनाच परत न्यावी लागली, आणि मग ते एकटेच ती चिकटवीत बसले.

फ्रेंच भाषेत डिंकाला वा खळीला ‘कोल’ म्हणतात. त्यावरून चिकटवून केलेल्या चित्राला ‘कोलाज’ हे नाव पडले. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ साली हा प्रकार चित्रकलेत आणला. बेअर्डन यांची ही चित्रे आरंभी लहान, टेबलावर मावतील एवढीच होती. मंडळातील एका मित्राच्या सूचनेवरून त्यांनी ती फोटोस्टॅट यंत्रावर अनेक पटींनी मोठी करून घेतली, काळ्या-पांढऱ्यात. फोटोस्टॅट म्हणजे दस्तऐवजांच्या नकला काढण्याचे, कचेऱ्यांतून चालणारे यंत्र! आयुष्यभर ‘नक्कल बरहुकूम अस्सल’ असे शेरे मारणाऱ्या माझ्यासारख्याला या योगायोगाचे कौतुक वाटते. त्या मोठ्या प्रती गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या होत्या. चित्रदालनाचे चालक आर्न एक्स्ट्रॉम भेटीस आले, त्यांनी ती गुंडाळी उघडायला लावली आणि तेथेच प्रदर्शन ठरले. ऑक्टोबर १९६४ मध्ये ‘प्रोजेक्शन्स’ या नावाने ते भरले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीतही त्यांचे प्रदर्शन झाले.

या चित्रांत काय आहे? एखादी कॅरोलिनातील बाई, नदीतील बाप्तिस्मा, हार्लेमचा रस्ता, गाणारी-वाजविणारी मंडळी, जादूटोणा जाणणारी एखादी वृद्धा. परंतु जवळ जाऊन पाहावे तो चेहऱ्याचा एक डोळा एका छायाचित्रातला, दुसरा वेगळ्याच; नाक व ओठ आफ्रिकेच्या एखाद्या मुखवट्यातले; हात शरीराच्या मानाने प्रचंड, जणू राबून राबून वाढलेले. तुकडे एकमेकांत मिसळत नाहीत, शिवण दिसत राहते. तरीही तो चेहरा एका माणसाचा आहे याविषयी शंका राहत नाही.

मुखवट्याविषयी येथे दोन शब्द बोलणे अवश्य आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील मुखवटा भिंतीवर लावण्यासाठी घडविलेला नसतो. तो अंगाखांद्यावर गवत वा वस्त्रे पांघरलेल्या नर्तकासह, ढोलाच्या तालावर, रात्रीच्या उजेडात चालत येतो. पीक हाती येताना येतो, मुले वयात येताना येतो, कोणी वारले असता येतो. आपल्याकडे नाशिक-पालघरच्या डोंगराळ भागातील बोहाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको. देवाचे सोंग चढविलेल्या ओळखीच्या माणसापुढे सारा गाव हात जोडतो. तेथे आत कोण आहे हे ठाऊक असूनही विचारायचे नसते. युरोपातील संग्रहालयांनी आफ्रिकेचे मुखवटे नेले ते नर्तकावाचून, ढोलावाचून आणि रात्रीवाचून. १९०७ साली पॅरिसच्या एका संग्रहालयात ते पाहून पिकासो थरारले आणि त्यांनी त्यांतून आकार घेतले. थोर चित्रकाराचा तो हक्कच आहे. बेअर्डन यांनी तोच मुखवटा पुन्हा एका माणसाच्या अंगावर चढविला. तो माणूस आफ्रिकेतला नव्हता. कॅरोलिनातल्या स्वयंपाकघरात मक्याच्या कणसांची टोपली घेऊन बसलेला होता. पण मुखवट्याला पुन्हा एक देह मिळाला आणि त्या देहाला आपले पूर्वज मिळाले.

तेविसाव्या वर्षीचा लेख आणि त्रेपन्नाव्या वर्षीची चित्रे यांत मला विरोध दिसत नाही तो यामुळे. आपले जीवन आधी पाहा, असे त्यांनी इतरांना बजावले होते. ते पाहण्यात त्यांची स्वतःची तीस वर्षे गेली. कॅरोलिनाचे ते उन्हाळे होते, पिट्सबर्गचा यूजीन होता, आणि हार्लेमच्या जिन्यांवरून चढून पाहिलेल्या त्या शेकडो खोल्या होत्या. लोकांच्या घरात शिरण्याचा परवाना त्यांना नोकरीने दिला होता. नोकरीमुळे त्यांची कला मागे पडली असे अनेकजण हळहळून लिहितात. पण भिंती काढून टाकल्याप्रमाणे सगळ्या खोल्या एकदम दाखविणारी त्यांची ‘द ब्लॉक’ ही चित्रमाला पाहावी. १९७१ सालची, सहा पटलांची, अठरा फूट लांबीची ही रचना म्हणजे लेनॉक्स रस्त्यावरील घरांची एक रांग आहे. कोठे शवयात्रा निघाली आहे, कोठे कोणी खिडकीत बसले आहे, कोठे स्नान चालले आहे. प्रथम ती मांडली तेव्हा रस्त्यावरचे ध्वनिमुद्रित आवाजही तिच्याबरोबर ऐकविले जात. हे चित्र ज्याने काढले त्याने ते जिने चढलेले होते. आणि यूजीनच्या त्या जळालेल्या कागदांची आठवणही त्यात असावी असे मला राहून राहून वाटते.

सर्वांनाच पूर्वजांचे ऋण अशा रीतीने फेडावेसे वाटते असे नाही. वॉशिंग्टन शहरात आल्मा टॉमस नावाच्या शिक्षिका होत्या, जन्म १८९१चा. पस्तीस वर्षे त्यांनी एकाच शाळेत मुलांना चित्रकला शिकविली, १९६० साली निवृत्त झाल्या आणि मगच पूर्ण वेळ चित्रांना दिला. खिडकीबाहेरच्या झाडाची पाने, फुलांचे वाफे, पुढे अवकाशयानांचे उड्डाण, हे त्यांचे विषय. आणि चित्रे म्हणजे रंगांचे ठसठशीत ठिपके शेजारीशेजारी मांडलेले. वंशाचा उल्लेख त्यांत शोधूनही सापडायचा नाही. १९७२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात एकट्याचे प्रदर्शन भरण्याचा मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत, वय ऐंशी. लहानपणी दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांना ग्रंथालयात पाऊल टाकता येत नसे, ही आठवण त्या विसरल्या नव्हत्या. पण आपण सौंदर्य रंगवावे, एवढेच त्यांनी स्वतःपुरते ठरविले होते. त्यांच्यावर ऋण बुडविल्याचा आरोप करण्यास मी तरी धजणार नाही.

बेअर्डन यांचा पुढील मार्ग मोकळा होता. १९६९ साली नॉर्मन लुईस आणि अर्नेस्ट क्रिच्लो यांच्यासह त्यांनी तरुण चित्रकारांसाठी एक चित्रदालन काढले आणि त्याला ‘सिंके’ असे नाव दिले. १८३९ साली ‘आमिस्ताद’ या गुलामवाहू जहाजावर ज्याने बंड केले, त्या आफ्रिकन पुढाऱ्याचे हे नाव. १९७१ साली आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन झाले. १९७७ साली त्यांनी होमरच्या ‘ओडिसी’ काव्यावर वीस चित्रे केली आणि त्यातील सारी पात्रे कृष्णवर्णीय रंगविली. रामकथा आपापल्या मुलखात आणि आपापल्या वेषात सांगणाऱ्या आपल्या लोकांना यात वावगे काहीच वाटणार नाही. पण समुद्रावरून घरी परतू पाहणाऱ्या त्या वीराची कथा, ज्यांचे पूर्वज समुद्रावरून नेले गेले आणि परतले नाहीत त्यांच्या वंशजाने सांगितली, म्हणजे तिला एक वेगळाच कारुण्याचा सूर लागतो. परत जायचे ते घर कोणते? १९८७ साली त्यांना राष्ट्रीय कलापदक मिळाले आणि १२ मार्च १९८८ रोजी ते निवर्तले. कृष्णवर्णीय चित्रकारांचा मोठा इतिहास ते एका सहकाऱ्यासमवेत अनेक वर्षे लिहीत होते. तो त्यांच्या पश्चात १९९३ साली प्रसिद्ध झाला.

समुद्राने नेलेले सारेच आफ्रिकन पश्चिमेकडे गेले नाहीत, हे महाराष्ट्रात तरी सांगायला नको. इथियोपियात जन्मलेला आणि अनेक हातांनी विकला गेलेला एक मुलगा दख्खनेत येऊन मलिक अंबर झाला, निजामशाहीचा कारभार त्याने हाकला, खडकी शहर वसविले आणि पाण्याच्या नहरी खेळविल्या. १६२६ साली तो वारला. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या इतिहासाच्या पानोपानी आहेत. आणि आज उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलपट्टीत सिद्दी लोकांची गावे आहेत, जेथील स्त्रिया जुन्या लुगड्यांचे आणि कपड्यांचे तुकडे जोडून ‘कवंदी’ शिवतात. आपण तिला गोधडी म्हणू किंवा वाकळ. बाहेरच्या कडेपासून तुकडे लावीत लावीत त्या आत येतात.

बेअर्डन यांचे ‘पॅचवर्क क्विल्ट’ नावाचे १९७०चे एक चित्र आहे. गोधडी, असेच त्याचे भाषांतर करावे लागेल. खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवून केलेल्या गोधडीवर एक कृष्णवर्णीय स्त्री पहुडली आहे, आणि तिच्या देहाची ठेवण प्राचीन इजिप्तच्या भित्तिशिल्पातील आकृतीसारखी ताठ, एकाच बाजूने दिसणारी आहे. एका चित्रसंग्रहात ते चित्र मी प्रथम पाहिले, आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

नोकरीच्या आरंभीच्या काळात एका अवर्षणग्रस्त तालुक्यात माझी नेमणूक होती. निराधारांना मिळणाऱ्या साहाय्याच्या अर्जांची घरी जाऊन पडताळणी करण्याचे काम काही महिने माझ्याकडे होते. एका वस्तीवर एक म्हातारी एकटीच राही. घर म्हणजे कुडाच्या तीन भिंती. मी उभ्याउभ्याच विवरण भरू लागलो. तिने बसायला घोंगडे शोधले, ते मिळेना, म्हणून कोपऱ्यातली वाकळ अंथरली. आणि मी बसलो तशी ती समोर बसून बोटाने तुकडे दाखवू लागली. “ह्यो आमच्या मालकाच्या फेट्याचा. ह्यो थोरल्या लेकीच्या परकराचा, ती गेली तवा नऊ वर्साची व्हती. ह्यो माझ्या सासूच्या लुगड्याचा, तिच्याबी सासूनं तिला दिल्यालं.” मला आणखी चार घरे करायची होती. “बरं, बरं, आजी,” असे म्हणून मी विवरणाकडे वळलो. जंगम मालमत्ता, असा एक रकाना होता. त्यात मी लिहिले : निरंक.

नियमाप्रमाणे ते बरोबरच होते, आणि तसे लिहिले नसते तर कदाचित तिला मदत मिळाली नसती. पण त्या वाकळेवर बसूनच मी तो शब्द लिहिला होता. बेअर्डनही असेच घरोघर बसले असतील, असेच रकाने त्यांनी भरले असतील. आणि संध्याकाळी घरी जाऊन जे रकान्यात बसले नाही ते कात्रीने कापून जुळवीत राहिले असतील. मी मात्र संध्याकाळी घरी जाऊन वर्तमानपत्र वाचले.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो, तेव्हा माळ्यावरची पेटी खाली काढली. निम्मे कागद वाळवीने खाल्ले होते. उरलेल्यांत आजोबांच्या वडिलांच्या हातची काही पाने निघाली, सारी मोडीत. मला मोडी येत नाही. आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक निवृत्त शिक्षक ती शिकवितात, असे कळले. वर्गात माझ्याशिवाय तीन विद्यार्थी आहेत आणि तिघेही माझ्या मुलाच्या वयाचे. मंगळवारी आणि शुक्रवारी, कचेरी सुटल्यानंतर, आम्ही अजून ‘क’ आणि ‘फ’ यांच्या वळणांवरच अडलेले आहोत.